चाळीचा पाय

नऊ लाल, एक हिरवा.

प्रणालीनं ओढणीच्या टोकानं उपकरणाचा पडदा पुसला, जसं काही धुळीनंच आंबेकोंडच्या नऊ म्हाताऱ्यांचे पाय अधू केले होते. पडदा स्वच्छ झाला आणि लाल रंग आणखीच ठसठशीत दिसायला लागला. हा तिसरा आठवडा होता. पहिल्या आठवड्यात ती घाबरली होती, दुसऱ्यात गोंधळली होती, आता मात्र तिला नुसता वैताग आला होता.

प्रणाली भुवड आंबेकोंडच्या आरोग्य उपकेंद्रात 'पाऊलसेविका' होती. हे नाव ज्यानं कुणी शोधून काढलं त्याला एकदा समोर बसवून चार शब्द सुनावायची तिची फार इच्छा होती. काम असं, की पासष्टीच्या पुढच्या माणसांना आठवड्यातून तीनदा नाचायला लावायचं, नाचताना त्यांच्या दोन्ही घोट्यांवरच्या पट्ट्यांनी गोळा केलेली माहिती पुण्याला पाठवायची, आणि पुण्याहून आलेल्या प्रश्नांना उत्तरं देत बसायचं. बायकांच्या गटाचा काही त्रास नव्हता. त्या फुगड्या घालत, हसत, पट्टे धुऊन परत आणून देत. त्रास होता तो जाखडी नाचणाऱ्या दहा म्हाताऱ्यांचा.

"प्रणालीताई, मी आकडे बघितले." पुण्याच्या कार्यालयातला तांत्रिक सल्लागार ऋग्वेद बापट फोनवर होता. हा मुलगा फार गोड बोलायचा, त्यामुळे त्याच्यावर धड रागावताही यायचं नाही. "नऊही जणांचा डावाच पाय उशिरा पडतोय. सगळ्यांचा एकदम. म्हणजे हे पर्यावरणातलं काहीतरी असणार."

"पर्यावरण डाव्या पायालाच कसं लागेल हो?"

"तेच तर शोधायचंय ना. आम्ही विहिरीचं पाणी तपासायला माणसं पाठवतोय."

"आणि दहावा? तो त्याच विहिरीचं पाणी पितो. तो माझा सासरा आहे, मीच भरते त्याचं पाणी."

"दत्ताराम भुवड. हो, त्यांचा आलेख फारच सुंदर आहे," ऋग्वेद कौतुकानं म्हणाला. "एकाहत्तराव्या वर्षी असा आलेख म्हणजे कमाल आहे. त्यांच्याबद्दल थोडं लिहून पाठवाल? काय खातात, कधी झोपतात. अहवालात घालता येईल."

प्रणालीनं फोन ठेवला आणि कपाळावर हात मारला. पण खोटं कशाला बोला, त्या वैतागातही तिला आतून थोडं बरं वाटलं होतं.

*

ही 'ज्येष्ठ फेर योजना' ज्या शोधावर उभी होती, तो समजायला अवघड नव्हता. चालण्यानं माणसाचं हृदय सुधारतं, गुडघे सुधारतात, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. नाचणाऱ्या म्हाताऱ्यांचं मात्र डोकंही सुधारत होतं. कारण नाचताना एकाच वेळी ऐकावं लागतं, पुढचं पाऊल आठवावं लागतं, तोल सांभाळावा लागतो, शेजाऱ्याकडे लक्ष ठेवावं लागतं, आणि चुकलं तर चालू तालातच सावरून घ्यावं लागतं. मेंदूत खोलवर आठवणी आणि वाटा सांभाळणारा एक लहानसा भाग असतो. वयाप्रमाणे तो आक्रसत जातो. नाचणाऱ्यांमध्ये तो कमी आक्रसत होता. तेव्हा कुणीतरी शहाण्या माणसानं म्हाताऱ्यांना औषधासारखा नाच लिहून द्यायला सुरुवात केली.

त्यापुढचा शोध याहून मोठा होता. विसरभोळेपणाचा आजार डोक्यात दिसायच्या कितीतरी आधी पायात दिसतो. मेंदूतून निघालेला हुकूम पायापर्यंत पोचायला सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यांनी उशीर करायला लागतो, आणि तोही बहुधा एका बाजूला आधी. डोळ्यांना हे कळत नाही, घोट्यावरच्या पट्ट्याला कळतं. आणि आता त्यावर औषध निघालं होतं. शिरेतून दर पंधरा दिवसांनी द्यायचं हे औषध आजार बरा करत नव्हतं, पण होता तिथे थोपवून धरत होतं. अट एकच, पायातला उशीर सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत ते सुरू व्हायला हवं. एकदा ती वेळ टळली की औषध पाण्यासारखं वाहून जायचं.

म्हणून हे पट्टे होते, हे पडदे होते आणि पाऊलसेविकाही होत्या.

आता जाखडीची गोम. देवळासमोरच्या पटांगणात मधे शाहीर आणि ढोलकीवाला बसतो आणि बाकीचे त्यांच्याभोवती गोल फेर धरून नाचतात. नाचणाऱ्याच्या पायात घुंगरांची चाळ असते, पण एकाच पायात, उजव्या. योजनेच्या पहिल्याच आठवड्यात सगळेच्या सगळे म्हातारे लाल दिसले होते, कारण चाळीच्या वजनानं उजवा पाय चार शतांश सेकंद मागे पडत होता आणि पुण्याच्या यंत्राला हे सगळे आजारी वाटत होते. चाळ काढून नाचायला सांगा, असं तेव्हा पुण्याचं म्हणणं पडलं. म्हाताऱ्यांनी ते ऐकून प्रणालीकडे असं पाहिलं की ती पुन्हा तो विषय काढायला गेली नाही.

सहा महिने ती पुण्याशी भांडली. चाळीचं वजन केलं, चित्रफिती पाठवल्या, बावीस पत्रं लिहिली. शेवटी यंत्राला शिकवण्यात आलं की फेर चालू असताना आंबेकोंडच्या पुरुषांच्या उजव्या पायाचा चार शतांश उशीर सोडून द्यायचा. कागदोपत्री तिला 'चाळ-सूट' म्हणत. प्रणालीच्या नोकरीत अभिमान वाटावा असं हे एकच काम झालं होतं.

आणि आता पावसाळी शेतीची दीड महिन्यांची सुट्टी संपवून श्रावणात फेर पुन्हा सुरू झाला, तर डावा पाय.

*

तिनं करायचं ते सगळं केलं. पट्टे बदलले. बॅटऱ्या बदलल्या. कुणी डावा-उजवा पट्टा उलटा घालत असेल म्हणून डाव्यावर नखरंग लावून खूण केली. पाण्याच्या तपासणीवाली दोन माणसं गाडी घेऊन आली, विहिरीत बाटल्या सोडल्या, सरपंचांकडे जेवली आणि गेली. पुढच्या फेराला पुन्हा नऊ लाल, एक हिरवा.

मग तिनं नवांना एकेक करून उपकेंद्रात बोलावलं आणि चाळीशिवाय, नुसत्या पट्ट्यांवर, ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलं. नऊच्या नऊ जण हिरवे. नुसतं चालताना ठणठणीत आणि नाचताना लंगडे.

"काका, नाचताना डावा पाय दुखतो का?" तिनं शांताराम गोताडांना विचारलं. हे गोताड काका बापूंचे, म्हणजे तिच्या सासऱ्यांचे, लहानपणापासूनचे सोबती. फेरात पंचेचाळीस वर्षं बापूंच्या पाठी नाचत होते.

"नाय गो."

"जड वाटतो? मुंग्या येतात?"

"कायपन नाय."

"मग नाचताना काय होतं त्याला?"

गोताड काकांनी छपराकडे पाहिलं. "वय झालां," ते म्हणाले.

बाकीच्या आठांनीही वेगवेगळ्या आवाजात हेच सांगितलं. माणसं मूग गिळून बसली आहेत हे प्रणालीला कळत होतं, पण कशासाठी ते कळत नव्हतं आणि त्यानं तिचं डोकं आणखी तापत होतं. यांच्यासाठी बावीस पत्रं लिहिली आपण, हे तिच्या मनात सारखं येत होतं.

दहाव्याला तिनं बोलावलंच नाही. जो हिरवा आहे त्याला पुन्हा तपासू नये, असा नियम होता. शिवाय बापू घरचेच.

त्या संध्याकाळी जेवताना तिनं विषय काढला. नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातून दोनदा घरी येणारा. सासू जाऊन सहा वर्षं झालेली. त्यामुळे घरात सून आणि सासरा, दोघंच. एरवी दोघांचं बरं चालायचं. भांडायचीही दोघं, पण ते आमटीतल्या मिठावरून.

"पुण्याला तुमचं फार कौतुक चाललंय. सगळ्या गावात तुम्ही एकटेच हिरवे आहात. काय खाता ते लिहून मागितलंय."

बापूंनी घास तसाच हातात धरला. "लिवलंस काय?"

"लिहिलं. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, दुपारी झोप नाही."

"दुपारचा झोपतो मी."

"ते नाही लिहिलं."

बापू हसले नाहीत. त्यांनी घास ताटात परत ठेवला, पाणी प्यायले आणि उठताना भिंतीला हात लावला. तो हात प्रणालीला दिसला. पण ताट तसंच टाकून उठल्याचा राग इतका आला होता, की तिच्या लक्षात फक्त ताटच राहिलं.

*

गुरुवारच्या फेराला पट्ट्यांची माहिती पुण्याला पाठवणारा संपर्कच तुटला. उपकरण नुसतं टूं टूं करत राहिलं. प्रणालीनं ते दोनदा आपटलं, तिसऱ्यांदा बंद करून पिशवीत कोंबलं, आणि करण्यासारखं दुसरं काहीच नसल्यामुळे पटांगणाच्या कडेला पायरीवर बसून नाच बघायला लागली.

गेल्या दोन वर्षांत तिनं हा फेर असा पाहिलाच नव्हता. ती इथेच बसायची, पण मान खाली, नजर पडद्यावर. म्हाताऱ्यांचे पाय तिला रेघा म्हणून पाठ होते.

शाहिरानं गण म्हटला. ढोलकी उठली. दहा जण वाकून फिरायला लागले, एक पाऊल आत, दोन बाहेर, गिरकी. घुंगरं वाजत होती. आणि तिला काहीतरी विचित्र वाटायला लागलं. पाऊल आत टाकताना जिथे घुंगरू वाजायला हवं तिथे वाजत नव्हतं, बाहेर येताना वाजत होतं. तिनं एकाच्या पायाकडे पाहिलं. मग दुसऱ्याच्या. मग दहाही जणांच्या, एकेक करून.

चाळ डाव्या पायात होती. सगळ्यांच्या.

डाव्या घोट्यांना सवय नव्हती. कुणी चिंधी गुंडाळली होती, कुणी हळद भरली होती. गोताड काकांच्या डाव्या घोट्यावर ताजी सालटं निघालेली होती. उजव्या घोट्यावर इतक्या वर्षांच्या चाळीचा काळा घट्टा तसाच होता, मोकळा.

फेर संपेपर्यंत ती बसून राहिली. म्हातारे पांगले तसं तिनं गोताड काकांना देवळाच्या मागच्या बाजूला गाठलं.

"चाळ डाव्या पायात का बांधलीत?"

"हां? काय नाय, असांच."

"असंच? काका, तीन आठवडे मी वेड्यासारखी पळतेय. विहिरी तपासल्या लोकांनी. असंच?"

गोताड काका पायरीवर बसले. चाळ सोडायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. वर न बघता बोलले. "फेरात पाठचा मानूस पुडच्याचे पाय बगतो. दुसरं काय बगनार? पंचेचाळीस वर्सा मी दत्त्याचेच पाय बगतोय. सुट्टीनंतरच्या पैल्या फेराला त्यानं चाळ डाव्या पायात बांदली. मी म्हटलां, चुकला. मंग बगितलां, उजवा उचलतच नाय त्याला. चाळीचा भार झेपंना."

"मग?"

"मंग काय? एकट्याच्याच डाव्या पायात दिसली तर सगळी बगतील. तू बगशील. म्हनून मी पन बांदली. माज्या पाठच्यानं माजा बगून बांदली. कोन कोनाला काय बोललां नाय. फेर पुरा झाला तवा सगळ्यांच्या डाव्याच पायात."

"आणि मला सांगायचं नाही, असं ठरवलंत?"

"ठरवला नाय कुनी." आता गोताड काकांनी वर पाहिलं. "सोनू आग्रे आठवतो ना? पैल्या वर्साला लाल आला. तुमचा नियम, लाल झाला की फेरात नाचायचा नाय. तुजी चूक नाय, नियमच तसा. या पायरीवर बसायचा रोज, आमाला बगत. शिमग्यापत्तुर मना नावानं हाक मारीना झाला. आता हाय तो खाटेवर, आनि पोराला वळखत नाय."

"सोनूकाकांना आजार होता, काका. औषधाला उशीर झाला होता."

"आसंल. पन आमी त्याला पायरीवर बसलेलाच बगितला ना."

प्रणालीला फार राग आला होता, आणि तो नेमका कुणावर काढावा हे तिला समजत नव्हतं.

घराकडे चालताना तिनं मनात हिशेब मांडला आणि अर्ध्या वाटेत थांबली. नऊ जणांची चाळ डावीकडे गेली. म्हणून डावा पाय चार शतांश उशिरा. आणि तिनं भांडून मिळवलेली सूट यंत्र अजून उजव्या पायालाच देत होतं, म्हणजे आणखी चारचा फरक. म्हणून नऊ जण लाल. ते सरळ होतं. पण बापूंचीही चाळ डावीकडेच होती. तेही लाल दिसायला हवे होते. ते हिरवे दिसत होते, याचा अर्थ त्यांचा उजवा पाय, वजन नसताना, आठ शतांश मागे होता. डावीकडच्या चाळीनं त्यातले चार झाकले होते. उरलेले चार चाळ-सुटीनं झाकले होते, तिच्या सुटीनं.

सगळ्या गावात आजारी माणूस एकच होता, आणि यंत्रानं त्यालाच तेवढा धडधाकट ठरवला होता. तिनं त्याच्या जेवणाचं वर्णनही लिहून पाठवलं होतं.

*

बापू पडवीत सुपारी कातरत होते.

"उठा. चालून दाखवा," प्रणाली म्हणाली. तिच्या हातात पट्टे होते.

"मी हिरवा हाय ना? मंग?"

"बापू, मला गोताड काकांनी सांगितलं."

अडकित्ता थांबला. मग बापूंनी पाय पुढे केले, लहान मुलासारखे, आणि तिनं पट्टे बांधले. ते अंगणात आठ पावलं गेले, वळले, आठ पावलं परत आले. वळताना उजवा पाय जमिनीवर घासला. आता तिला ते उघड्या डोळ्यांनी दिसत होतं. इतकं स्पष्ट, की इतके दिवस कसं दिसलं नाही याची तिला लाज वाटली.

पडदा लाल झाला. उजवा, आठ शतांश.

"कधीपासून?"

"पेरणीला कळला. चिखलात उजवा पाय पाठी ऱ्हायचा."

जूनपासून म्हणजे अडीच महिने गेले. उरले साडेतीन.

"मला सांगितलं असतं तर त्याच आठवड्यात रत्नागिरीला नेलं असतं तुम्हाला. औषध आहे यावर. मी घरात आहे बापू, तुमच्या घरात. गावाला सांगत फिरते मी, लपवू नका म्हणून."

"आनि फेर?"

प्रणाली पट्टे सोडायला खाली वाकली.

"बोल की. फेर?"

"औषध सुरू झाल्यावर निदान एक वर्ष समूहनाच बंद. पडण्याचा धोका म्हणून."

"म्हंजे जो नाच डोक्याला चांगला म्हनून तुमीच सांगता, तो डोका बिगडला की काडून घेता. हा कसला डाक्टर गो तुमचा?" बापूंचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तू हे पाटवू नको. दोन महिन्यांवर दिवाळी हाय. दिवाळीनंतर पाटव. येवडा गनपती मना नाचू दे."

आणि इथे प्रणालीची खरी पंचाईत झाली, कारण तिला ते पटत होतं. नियम मूर्खपणाचा होता. नाच सोडून पायरीवर बसलेल्या माणसाचं काय होतं हे तिनंही पाहिलं होतं. आणि दिवाळीपर्यंत थांबलं तरी महिनाभर हाती राहत होता. पण रत्नागिरीला नाव नोंदवल्यापासून औषधाची पहिली बाटली लागेपर्यंत किती आठवडे जातील हे देवालाही सांगता आलं नसतं. सोनू आग्रेंच्या वेळी अकरा गेले होते.

तिनं त्याच वेळी, पडवीत उभ्या उभ्या अहवाल पाठवला. नऊ निरोगी, एक आजारी, आणि चूक का झाली, तर पाऊलसेविकेला पाय बघता आले नाहीत.

बापूंनी ते पाहिलं. सुपारी उचलली आणि आत गेले. त्या दिवसापासून त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं.

*

पुण्याहून दोन दिवसांनी उत्तर आलं. ऋग्वेदनं फार मनापासून आभार मानले होते आणि आंबेकोंडची चाळ-सूट तातडीनं डाव्या पायाला लागू केली होती. तोवर नऊही म्हाताऱ्यांनी चाळ निमूट उजव्या पायात परत बांधली होती. पुढच्या फेराला नऊच्या नऊ पुन्हा लाल आले, या वेळी उजव्या पायानं. प्रणालीनं त्या दिवशी फोन उचललाच नाही.

रत्नागिरीला मात्र नशिबानं अकरा आठवड्यांऐवजी दोनच लागले, तेही डॉ. फरहीन मुकादम नावाची एक चटपटीत बाई नुकतीच तिथे बदलून आली होती म्हणून. बापू खाटेवर आडवे झाले, हातात सुई गेली, बाटली टपटपायला लागली. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

"वेळेत आणलंत," डॉक्टर म्हणाल्या. "थांबेल इथेच. पण डोक्याला काम हवं. नुसतं बसवून ठेवू नका हां त्यांना."

"मग नाचू द्या. तुम्हीच लिहून द्या."

"नियम माझ्या हातात नाही हो." डॉक्टरांनी नियमांचं पान काढून तिच्या हातात ठेवलं आणि दुसऱ्या रोग्याकडे वळल्या. त्या पानावरच्या एका ओळीखाली त्यांनी पेन्सिलनं रेघ मारून ठेवली होती, हे प्रणालीला परतीच्या गाडीत दिसलं.

गणपती आले. तिसऱ्या दिवशी दुपारी फेर रिवाजाप्रमाणे भुवडांच्या अंगणात आला. नऊ जणांनी बापूंची जागा तशीच मोकळी ठेवली होती. ती मोकळी जागा फिरत फिरत दारासमोर आली की गोताड काकांचं पाऊल हमखास चुकत होतं, कारण पुढे बघायला पाय नव्हते. बापू बाहेर आलेच नाहीत. आतल्या खोलीत पलंगावर बसून राहिले. फेर पुढच्या घराकडे गेला. अंगणात फुलांच्या पाकळ्या आणि पायांचे ठसे तेवढे उरले. फोनवर पुण्याचा निरोप येऊन पडला होता. विहिरीचं पाणी पिण्यायोग्य आहे.

प्रणालीनं फोन पालथा घातला. खुंटीवरची बापूंची चाळ काढली आणि त्यांच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"समूहनाच म्हणजे तीन किंवा अधिक व्यक्तींचा, असं लिहिलंय," ती म्हणाली. "आपण दोघंच आहोत."

बापूंनी मान वळवली नाही.

"चाळ मी बांधते. तुम्हाला वजन नको. तुम्ही पुढे, मी पाठी." ती उंबऱ्यावर बसली. चाळ हातात धरून तिनं दोन्ही पायांकडे पाहिलं. आजवर तिनं चाळीचं वजन केलं होतं, तिच्यावर बावीस पत्रं लिहिली होती. पायात मात्र कधी बांधली नव्हती. "कुठल्या पायात बांधू?"

आत पलंग करकरला. बापू भिंत धरून दारापर्यंत आले.

"उजव्या," ते म्हणाले. एकोणीस दिवसांतला तो पहिला शब्द होता. मग तिची बोटं बघून त्यांना राहवलं नाही. "तितं नको. घोट्याच्या वर बांद, सालटी जातील."

अंगणात ते पुढे उभे राहिले, ती पाठी. ढोलकी नव्हती. बापूंनी तोंडानं बोल धरले, आणि पहिल्या गिरकीलाच ती चुकली.

"डावा आदी," बापू मागे न बघता म्हणाले. "घुंगरू आत वाजला पायजे. बाहेर वाजवतंस तू."

"तुमच्या पाठी बघून करतेय."

"मंग नीट बग."

त्यांचा उजवा पाय उचलला गेला, हवेत क्षणभर अडला आणि ठरल्या बोलानंतर खाली आला. पुन्हा उचलला. पुन्हा उशिरा आला, पण आला. एकदा त्यांचा तोल गेला. तिनं मागून त्यांच्या कमरेला हात लावला, त्यांनी तो झटकला आणि बोल चालू ठेवले.

"पाय बगतंस ना?" बापूंनी विचारलं.

"बघतेय," प्रणाली म्हणाली, आणि पुन्हा चुकली.